जुन्या गाडीत छुपा किल स्विच: ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल टाकणाऱ्या) पेट्रोल गाड्या, मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्या आणि चावीत चिप नसलेल्या दुचाकी यांच्यासाठी आहे. गाडी सोसायटीच्या आवारात न मावता रस्त्यावर, नाल्याकडेला किंवा स्टेशनबाहेर रात्र काढत असेल, तर ती नीट वाचा.

किल स्विच नक्की करतो काय?

इंजिन सुरू व्हायला लागणाऱ्या एखाद्या सर्किटमध्ये आपण एक लपवलेला खंड टाकतो. तो कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चावी फिरवली तरी गाडी चालू होत नाही. जुन्या गाडीला याची गरज जास्त, कारण वीस वर्षं वापरलेलं इग्निशन लॉक आतून इतकं झिजलेलं असतं की भलत्याच चावीनेही फिरतं. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढून तीन वायरी जोडल्या की गाडी 'डायरेक्ट' होते, तिथे चावी लागतही नाही.

माझ्या गाडीत कंपनीचा इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, हे कसं ओळखायचं?

चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये चावीचं किंवा गाडी-कुलपाचं चिन्ह क्षणभर पेटून विझत असेल, तर बहुतेक आहे. चावी बनवणारा चावीत चिप आहे का ते तपासून देतो. इमोबिलायझर असेल तर लॉकभोवतीच्या अँटेनाच्या कड्याला आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना हात लावू नका. सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) लाइनमध्ये वेगळा स्विच टाकायला हरकत नाही.

कुठलं सर्किट तोडावं? वायरमन म्हणतो कॉइलचा सप्लाय तोडू.

वायरमन कॉइल (प्लगला ठिणगी देणारा भाग) सुचवतो, कारण ती वायर बॉनेट उघडताच समोर दिसते. चोरालाही ती तशीच दिसते. बॅटरीच्या प्लसवरून कॉइलच्या प्लसवर एक वायर टाकली की तुमचा स्विच बाद. शिवाय एमपीएफआय गाडीत फक्त कॉइल तोडली तर चोर सेल्फ मारत राहतो, इंजेक्टर पेट्रोल टाकत राहतात, प्लग ओले होतात आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. सकाळी गाडी जागेवर असते, पण तुमच्याकडूनही चालू होत नाही.

कॉइलची मायनस बाजू अर्थ करून ठिणगी बंद पाडण्याची एक जुनी युक्ती आहे. ती वापरू नका. चावी ऑन राहिली तर कॉइलमधून अखंड करंट वाहतो आणि कॉइल तापून जाते.

फ्युएल पंप तोडणं हा बरा मार्ग, पण पाइपमध्ये उरलेल्या दाबावर गाडी सुरू होऊन काही सेकंद चालते आणि मग बंद पडते, कधी कधी नेमकी रस्त्याच्या मधोमध. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये पंप इंजिनवरचा मेकॅनिकल असतो, तिथे तोडायला वायरच नाही.

बॅटरीचा मेन कट-ऑफ स्विच कार्बोरेटरच्या गाडीला चालतो. एमपीएफआयमध्ये त्याने ईसीयूची शिकलेली आयडलिंग पुसली जाते. इंजिन चालू असताना चुकून फिरवला तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

आमचा कौल सेल्फच्या लाइनला. तिथला खंड गाडी चालू करतानाच आड येतो. एकदा इंजिन सुरू झालं की त्या सर्किटचं काम संपतं, मग तिथली रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) जळो, वायर तुटो की उंदीर कुरतडो, चालती गाडी बंद पडत नाही.

चालत्या गाडीत स्विच बंद पडला तर इतकं काय बिघडतं?

घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर मागे कंटेनर असताना इंजिन बंद पडलं, असं समजा. ब्रेकच्या सर्व्होत (पेडल हलकं करणाऱ्या डब्यात) उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. पाम बीच रोडवर उजव्या लेनमध्ये किंवा ऐरोली पुलावर तेच. म्हणून पंप किंवा कॉइल तोडायचीच असेल, तर गुडघा लागेल, मुलाचा हात पोहोचेल किंवा पायाखालच्या चटईने दबेल अशा जागी स्विच कधीही लावू नका. मोबाइलवरून 'इंजिन कट' करणाऱ्या जीपीएस ट्रॅकरलाही हेच लागू: धावत्या गाडीला ती आज्ञा देऊ नका, ती चोरीला गेलेली असली तरी. रस्त्यावर इतर माणसं असतात.

तुम्ही सुचवता ती जोडणी सविस्तर सांगा.

कल्पना अशी: खटका ऑन-ऑफ करणारा स्विच न लावता छोटं पुश बटण लावायचं. ते दाबून धरून चावी फिरवली तरच सेल्फ लागतो, बोट काढलं की सर्किट पुन्हा तुटलेलं. रात्री स्विच बंद करायचं लक्षात ठेवावं लागत नाही. ऑन-ऑफवाला स्विच दोन-चार महिन्यांनी लोक ऑनच ठेवू लागतात आणि मग तो असून नसल्यासारखा.

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा. इग्निशन लॉकच्या मागच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून सेल्फची वायर शोधा: चावी 'स्टार्ट'ला असतानाच १२ व्होल्ट आणि सोडताच शून्य दाखवते ती. नुसत्या ऑनवरही व्होल्टेज दिसलं तर ती वायर इग्निशनची, सोडून द्या. रंगावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीत आधीच्या कुणीतरी वायरी बदललेल्या असतात.

आता बॅटरीची मायनस केबल काढा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. सेल्फची वायर कनेक्टरपासून ८-१० सेंटिमीटर सोडून कापा, म्हणजे पुढे कधी मूळ जोडणी करायची झाली तर दोन्ही बाजूंना लांबी उरते.

१२ व्होल्ट, ४० अँपिअरची चार पायांची रिले घ्या. पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. लॉककडून येणारं टोक ८६ वर. ८५ वरून बारीक वायर पुश बटणाकडे आणि बटणाच्या दुसऱ्या पायातून बॉडी अर्थ. बॅटरीच्या प्लसवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर ३० वर. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, नाहीतर वायर घासून बॉडीला लागली तर आगीपासून वाचवायला मध्ये काहीच नाही. ८७ वरून सेल्फच्या सॉलेनॉइडकडे (सेल्फ जोडणाऱ्या चुंबकी स्विचकडे) जाणारं टोक.

यात एक फायदा फुकट मिळतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत सॉलेनॉइडचा सगळा करंट, सुरुवातीच्या क्षणी २०-४० अँपिअर, इग्निशन लॉकच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून जातो. आता तो रिलेतून जाईल, लॉकवर फक्त रिलेच्या कॉइलचे साधारण १५०-२०० मिलिअँपिअर. 'कधी कधी चावी दोन-तीनदा फिरवावी लागते' ही तक्रार अनेकदा याच कामात मिटते.

बॉडी अर्थच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, स्क्रू आवळल्यावर वरून ग्रीस लावा. बॅटरी जोडा. बटण न दाबता चावी फिरवा: मीटरचे दिवे लागले पाहिजेत, सेल्फ गप्प. मग बटण दाबून फिरवा. सेल्फ फिरत असताना रिलेच्या ३० आणि ८७ मधलं व्होल्टेज मोजा. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) नीट दाबलेलं नाही.

सामान काय लागतं आणि कुठे मिळतं?

रिले आणि तिचं सॉकेट, झाकणासह फ्यूज होल्डर, ३० अँपिअरचा फ्यूज, जाड लाइनसाठी २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर तीन-चार मीटर, बटणासाठी ०.५ ची तेवढीच, थिंबल, हीट श्रिंक स्लीव्ह, काळी कोरुगेटेड नळी, कापडी हार्नेस टेप आणि बटण. घराच्या वायरिंगची वायर वापरू नका, तिची तार जाड पदरांची असते आणि थरथरीने तुटते. रिले, सॉकेट, वायर ठाण्यात किंवा तुर्भ्यात ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. रीड स्विच, डायोड असलं बारीक सामान हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला जा. जुन्या मॉडेलचं मूळ बटण किंवा कनेक्टर लागलं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड.

वायर काळी घ्या. लाल-निळी चकचकीत नवी वायर जुन्या धुळकट हार्नेसमध्ये टॉर्च मारताच दिसते. बारीक वायर मूळ हार्नेसच्या आत सरकवून वरून कापडी टेप गुंडाळा.

रिले कशाला? साधा टॉगल स्विच थेट सेल्फच्या वायरमध्ये टाकला तर?

जळतो. दुकानातला लहान टॉगल पाच-सहा अँपिअरचा असतो. आधी त्याचं बेकेलाइट पायांशी तपकिरी होतं, मग आतली पत्ती चिकटते आणि स्विच कायमचा ऑन राहतो. तुम्ही रोज इमानदारीने खटका खाली करत राहता, गाडी मात्र उघडीच.

बटण लपवायचं कुठे?

चोर पहिल्यांदा हात घालतो तिथे नको: स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डची खालची कड, सीटखाली, ॲशट्रेमध्ये, फ्यूज बॉक्सशेजारी.

सगळ्यात चांगली लपण्याची जागा म्हणजे उघड्यावरची. डॅशबोर्डवर कंपनीचंच एखादं बटण मोकळं पडलेलं असतं, मागच्या काचेच्या डिफॉगरचं किंवा फॉग लॅम्पचं. त्यातलं दाबून सोडायचं बटण किल स्विच म्हणून जोडा. खटक्याने आत बसणारं मात्र नको, ते ऑनच राहून जाईल.

दुसरा मार्ग रीड स्विचचा. काचेच्या नळीतला हा स्विच प्लास्टिकच्या ट्रिममागे चिकटवतात आणि बाहेरून लोहचुंबक टेकवला की तो जुळतो. चुंबक किचेनमध्ये ठेवता येतो आणि बाहेर बटण म्हणून काहीच दिसत नाही. ट्रिम प्लास्टिकची हवी आणि मागे लोखंडी पत्रा चिकटून नको. रिलेच्या ८५-८६ मध्ये १एन४००७ डायोड लावायला विसरू नका, पट्टीची बाजू ८६ कडे. तो नसेल तर रिले सुटताना उसळणाऱ्या व्होल्टेजने रीडच्या पात्या एकमेकींना चिकटतात.

बटण कुठेही असो, सीट बेल्ट लावून बसल्या जागेवरून एका हाताने पोहोचलं पाहिजे. वायर पेडलच्या जोडांजवळून, स्टिअरिंगच्या दांड्याजवळून किंवा वायपरच्या लिंकेजमधून नेऊ नका. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरच्या आसपासही फिरकू नका.

आपल्याकडच्या पावसात हे टिकतं का?

जोड कसे केलेत त्यावर आहे. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत उघडा तांब्याचा जोड हिरवा पडतो. टेप सोडवली तर आत हिरवट पूड दिसते, तार बोटाने दाबताच मोडते आणि मोडलेलं टोक काळं असतं. तेवढ्यावरच रिले कधी लागते, कधी नाही.

जोड क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. नुसती इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात बॉनेटखाली विरघळून सुटते. सोल्डर करत असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधा, कारण सोल्डर जिथे संपतं तिथेच ती थरथरीने तुटते. वायर न कापता पत्तीने टोचून घ्यायचे टॅप कनेक्टर मात्र अजिबात नकोत. ते इन्सुलेशन फोडून पाण्याला वाट करून देतात.

रिले पाय खाली करून लावा, म्हणजे पाणी सॉकेटमध्ये साचत नाही. जुन्या मारुतीत पुढच्या काचेचं रबर कडक होऊन डॅशबोर्डमागे पाणी ठिबकतं, म्हणून बसवण्याआधी बादलीभर पाणी काचेवर ओतून थेंब कुठे येतो ते पाहा. मे महिन्यात एकदा सॉकेट उघडून पाय पुसून घ्या. गाडी उभी राहते तिथे उंदीर असतील तर बॉनेटखालची लांबी कोरुगेटेड नळीत पूर्ण बंद करा.

माझी गाडी सीएनजीवर आहे. काही वेगळं?

आहे, आणि नेमकं हेच बरेच वायरमन विसरतात. सीएनजी किटचा सप्लाय वेगळा असतो. तुम्ही फक्त पेट्रोल पंप तोडला आणि गाडी थेट गॅसवर सुरू होणारी असेल, तर चोर सीएनजीवर निवांत निघून जातो. सीएनजी गाडीत सेल्फचीच लाइन तोडा. किटच्या वायरी, गॅस सॉलेनॉइड, डिकीतल्या सिलिंडरजवळचा भाग यांत कसलाही जोड किंवा बटण नको. गळती असेल तिथे एक ठिणगी पुरते.

जुनी डिझेल जीप आहे. तिला कॉइलच नाही.

सेल्फची जोडणी वर दिली तशीच लागू पडते. त्याशिवाय फ्युएल पंपावर स्टॉप सॉलेनॉइड असेल, तर त्याला १२ व्होल्ट मिळाल्याशिवाय डिझेल सुटत नाही. ती वायर दुसरा थर म्हणून तोडता येते, पण मग वर सांगितलेला चालत्या गाडीचा धोका आलाच. खेचून बंद करायची केबल असलेल्या गाडीत हा मार्ग नाही. काही जण डिझेलच्या पाइपमध्ये छुपा कॉक बसवतात. तो कुठेतरी हवा ओढू लागला की दर सकाळी प्रायमिंग करत (हातपंपाने हवा काढत) बसावं लागतं. कॉमन रेल इंजिन असेल तर इंजेक्टर आणि सेन्सरच्या वायरी अजिबात कापू नका.

दुचाकीत कसं करायचं? किकवर तर सेल्फ तोडून काही उपयोग नाही.

बरोबर. आधी सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) एसी की डीसी, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारा की बॅटरीवर, ते ओळखा. बॅटरीचा फ्यूज काढा, दिवे बंद ठेवा, किक मारा. गाडी सुरू झाली तर एसी, लगेच बंद करा.

एसी सीडीआयमध्ये चावी बंद असताना एक वायर अर्थ होऊन ठिणगी थांबते. होंडाच्या धाटणीच्या जुन्या गाड्यांत ती काळी-पांढरी असते. चोर हेडलाइटमागचा लॉकचा कनेक्टर ओढून काढतो, त्यामुळे ती वायर अर्थपासून सुटते आणि एका किकमध्ये गाडी त्याची. म्हणून त्याच वायरीवर सीडीआयजवळ, टाकीखाली किंवा सीटखाली, दुसरी फांदी काढून लपवलेल्या स्विचने ती बॉडीला अर्थ करा. मग कनेक्टर ओढला तरी ठिणगी येत नाही. स्विच २५० व्होल्टचा घ्या, कारण या वायरीवर शे-दोनशे व्होल्टचे झटके येतात. इंजिन चालू असताना हात लावू नका. फांदी तुटली तर गाडी वाटेत बंद पडत नाही, फक्त संरक्षण जातं, तेव्हा महिन्यातून एकदा तपासा.

डीसी सीडीआयला येणारा १२ व्होल्टचा सप्लाय लपवलेल्या स्विचमधून न्या. इथे जोड सैल झाला तर गाडी चालता चालता बंद पडेल, म्हणून सोल्डर आणि स्लीव्ह दोन्ही हवं.

धक्का मारून चालू केली तर? टो करून नेली तर?

मॅन्युअल गाडी धक्क्याने चालू होऊ शकते, सेल्फचा स्विच तिथे आड येत नाही. सॉलेनॉइडवर पाना टेकवून सेल्फ फिरवता येतो, हेही खरं. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकं फुटपाथकडे वळवून स्टिअरिंग लॉक करा आणि गिअर लॉक लावा. उचलून नेणाऱ्यापुढे कुठलाही किल स्विच चालत नाही. तिथे ट्रॅकर कामी येतो आणि दुचाकीला चाकातून खांबाला साखळी.

बसवल्यावर नुसतं 'टक टक' येतं, सेल्फ फिरत नाही.

आवाज रिलेतून येतो की सेल्फकडून ते आधी ऐका. रिले वाजते आणि सॉलेनॉइड गप्प असेल तर ३० अँपिअरचा फ्यूज, मग ८७ चं थिंबल. रिले थरथरत असेल तर बॉडी अर्थ कच्चा आहे किंवा बॅटरी उतरली आहे. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर दोष स्विचचा नाही. दोन्ही गप्प असतील तर बटण आणि ८५ ची वायर.

विमा आणि आरटीओची अडचण येते का?

आरसी बुकातली कुठलीही नोंद यामुळे बदलत नाही. विम्यातली चोरीविरोधी उपकरणाची सवलत एआरएआयने (वाहनं आणि त्यांचे भाग तपासणाऱ्या संस्थेने) मान्य केलेल्या उपकरणाला आणि रीतसर प्रमाणित बसवणीला मिळते. हाताने केलेल्या जोडणीवर ती मागू नका. विमा कंपनीला मात्र लेखी कळवून ठेवा आणि सामानाची बिलं जपा. पुढे वायरिंगच्या कारणाने आग लागली तर कच्चं काम हाच पहिला मुद्दा निघतो.

घरच्यांना, गॅरेजवाल्याला सांगायचं का?

घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा, रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर बटण शोधत बसू नये. गॅरेजमध्ये किंवा व्हॅलेकडे गाडी देताना मात्र जागा दाखवू नका. त्यासाठी बटणाच्या दोन पायांना समांतर, बॉनेटखाली एक छोटा दोन पिनांचा कनेक्टर ठेवा. तो जोडला की गाडी नुसत्या चावीवर चालते, परत आल्यावर काढायचा. जोडणीचा नकाशा गाडीत ठेवू नका, घरी आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. गाडी विकलीत तर नव्या मालकाला तो द्या आणि बटण दाखवा.

एवढं करूनही गाडी गेली तर?

आधी टोइंगवाल्यांनी उचलली नाही ना, हे वाहतूक चौकीत विचारा. मग ११२ ला कळवा आणि पोलिस ठाण्यात एफआयआर नोंदवा. १ जुलै २०२४ पासून वाहनचोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली नोंदला जातो. हद्दीच्या वादात ठाणे आणि नवी मुंबई असं टोलवलं तर झिरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) मागा. चेसिस आणि इंजिन नंबर, आरसी व विम्याची प्रत सोबत न्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. दावा पुढे सरकायला दोन्ही चाव्या लागतात आणि तपास लागला नाही तर 'अ' समरीची (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही अशा पोलिस अहवालाची) प्रतही, तेव्हा दुसरी चावी कुठे आहे हे आजच पाहून ठेवा.